नासीच्या मागे राईस कशाला?

प्रश्न असा आहे: इंडोनेशियाच्या नासी गोरेंग या परतलेल्या भाताला मेनूकार्डावर 'नासी गोरेंग राईस' लिहितात ते बरोबर का? आणि नेदरलँड्समध्ये परतलेल्या भाताला नुसतंच 'नासी' म्हणतात, ते तरी बरोबर का?

पहिलं साफ चूक, आणि ते वाचून वाचून मी वैतागलो आहे. नासी म्हणजे शिजलेला भात, गोरेंग म्हणजे तळलेला, परतलेला. मागे राईस जोडला की 'फोडणीचा भात राईस' झाला! फोडणीचा भात हाच त्याचा खरा मराठी जोडीदार. रात्री उरलेला भात सकाळी कढईत पडतो. मोहरी-हळदीऐवजी बारके कांदे, लसूण, मिरची, जवळ्याचा आंबवलेला गोळा म्हणजे तरासी, आणि वरून केचाप मानिस, म्हणजे गोडसर काळा सोया सॉस.

खरी गंमत पुढे आहे. इंडोनेशियन भाषेत शेतातली ती पादी, टरफल काढलेली ती बरास, ताटातली ती नासी. आपल्याकडे शेतात भात, पोत्यात तांदूळ आणि ताटात पुन्हा भात. यावरून इंग्रजी 'पॅडी' हा शब्द आपल्या भातावरूनच निघाला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांनी जरा शेजारपाजारच्या भाषा बघाव्यात. मलय पादी, जावानीज पारी, फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये पालाय: हे सगळं एकाच ऑस्ट्रोनेशियन घरातलं, म्हणजे त्या बेटांकडच्या भाषांच्या कुटुंबातलं गोत, आणि पॅडी आला तो मलय पादीवरून. आपला भात आला संस्कृत 'भक्त'वरून, भज् म्हणजे वाटून देणे. भक्त म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, प्राकृतात भत्त, मग भात. म्हणजे आपला शब्द ताटातून शेतात गेला. पादी शेतातून ताटापर्यंत कधी आलीच नाही. आवाज जुळला की नातं जुळत नाही.

आता डचांचं 'नासी'. त्यांना मूळ अर्थ कळला नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. साध्या भाताला त्यांच्याकडे 'रेइस्ट' होताच. इंडोनेशिया डचांची वसाहत होती तेव्हा तिथले डच मळेवाले आणि अधिकारी रविवारी दुपारी जे प्रचंड जेवण मांडत, मधे पांढरा भात आणि भोवती कालवणं, सांबाल म्हणजे मिरचीचा ठेचा, लोणची यांची वाडगीच वाडगी, त्याचं नाव 'रेइस्टताफल', भाताचं टेबल. बटाव्हिया (आजचं जकार्ता) आणि बांडुंगच्या बड्या हॉटेलांत तर वाढप्यांची रांगच्या रांग ही वाडगी घेऊन येई. त्या नावात नासी नाही, हे लक्षात घ्या. पांढरा भात रेइस्टच राहिला. नवा शब्द घरात नसलेल्या पदार्थाला, म्हणजे परतलेल्या भाताला मिळाला. 1949 मध्ये इंडोनेशियातली डचांची सत्ता गेली, इंडो म्हणजे डच-इंडोनेशियन मिश्र कुटुंबं हॉलंडला आली आणि तिथे तो अर्थ पक्का झाला. आज नासीचा गोळा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, तो 'नासीबाल'.

आपण 'राईस'चं हेच केलं आहे. घरी 'भात वाढ', हॉटेलात 'जिरा राईस', 'राईस प्लेट'. घरातला शब्द घरच्या भाताला ठेवला, बाहेरचा बाहेरच्याला. मग डचांनाच अडाणी का म्हणायचं?

उलट दिशेची, म्हणजे डचमधून इंडोनेशियात गेलेल्या शब्दांची देवाणघेवाण मला याहून आवडते. डच 'फ्रिकाडेल' म्हणजे खिम्याचा गोळा. जुन्या मलयला 'फ' परका, म्हणून तो झाला 'पर्कडेल'. पुढे कुस्करलेल्या बटाट्याचं पर्कडेल घरोघरी रुळलं, अंड्यात बुडवून तळलेलं. आज सणाला नासी कुनिंगचा, म्हणजे हळदीच्या पिवळ्या भाताचा डोंगर रचतात, त्याच्या पायथ्याशी ते असतं. तसंच डच 'बोंत्येस' म्हणजे बारक्या शेंगा. त्या इंडोनेशियात 'बुंचिस' झाल्या, आणि शेवटच्या 'स'मधलं डच अनेकवचन तिथे कुणाच्या लक्षातही उरलं नाही. एक शेंग असली तरी बुंचिसच.