एन्झाइमच्या सिग्नलमुळे आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढते, म्हणजे पेशी मरतात का?

नाही. पेशी मरायची गरजच नसते. तुम्ही नेमकं हेच विचारलंत म्हणून लिहायला बसले, कारण पीएचडीत याच मुद्द्यावर एका सिनिअरशी माझं कडाक्याचं वाजलं होतं.

आमच्याकडे कॅको-२ पेशी होत्या. मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या, पण फिल्टरवर तीन आठवडे वाढू दिल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. रात्रभर इंटरफेरॉन-गॅमा दिलं आणि सकाळी टीएनएफ घातलं (दोन्ही दाह पेटवणारी संदेशवाहक प्रथिनं), की काही तासांत थराचा विद्युतरोध, म्हणजे थर किती घट्ट आहे याचं माप, घसरायचा. सिनिअरचं वाक्य ठरलेलं: "पेशी मेल्या, प्लेट टाकून दे." मला ते पटेना. पेशी फुटल्या असत्या तर आतलं एलडीएच हे एन्झाइम माध्यमात सांडलं असतं, ते तर वाढलेलं नव्हतं. मग एमएलसीके, म्हणजे मायोसिन लाइट चेन कायनेज हे तुमच्या प्रश्नातलं एन्झाइम, अडवणारं एमएल-७ हे रसायन घातलं. रोध पुन्हा चढायला लागला. मेलेल्या पेशी अशा परत येतात का? यावर त्याचं उत्तर: "प्लेट गार झाली असेल." गार माध्यमात रोध जास्त दिसतो, हे खरं. पण एमएल-७ न दिलेल्या वेल्स (प्लेटमधले कप्पे) त्याच प्लेटमध्ये शेजारीच होत्या, त्यांचा रोध तसाच पडलेला राहिला. त्यानंतरही त्याने मान्य केलं नाही ते नाहीच.

होतं असं: टीएनएफमुळे एमएलसीके वाढतं, ते मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवतं. त्याने टाइट जंक्शनला, म्हणजे शेजारच्या पेशींमधल्या घट्ट सांध्याला, लागून असलेलं अ‍ॅक्टिन-मायोसिनचं कडं बटव्याची नाडी ओढावी तसं आवळतं. ऑक्लुडिन हे सांध्यातलं प्रथिन पेशीच्या पडद्यावरून आत ओढलं जातं आणि दोन पेशींमधली वाट सैल होते. हा काही निव्वळ आजार नव्हे. जेवणातलं ग्लुकोज सोडियमबरोबर पेशीत शिरतं तेव्हाही एमएलसीकेच ही वाट थोडी उघडतं, आणि पाण्यासोबत पोषक द्रव्यं आत यायला त्याची मदत होते. त्यामुळे 'लीकी गट'च्या (गळक्या आतड्याच्या) नावाने पावडरी विकणाऱ्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका.

पीकेसी, म्हणजे प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्या एन्झाइमबद्दलही विचारलंत. त्याचे बरेच प्रकार आहेत, काही जंक्शन घट्ट करतात, काही सैल. त्यावर एका वाक्यात निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. तीव्र दाहात, व्रण पडलेल्या आतड्यात पेशी खरोखर मरतात आणि तिथून सगळंच आत शिरतं. तिथे एमएलसीके अडवून भागत नाही. शिवाय गुळगुळीत स्नायूंच्या आकुंचनालाही एमएलसीके लागतं, म्हणून ते सरसकट बंद करणं हे औषध होऊ शकत नाही.

स्वतः प्रयोग करणार असाल तर नुसत्या रोधावर विसंबू नका. रोध फक्त आयनांची ये-जा सांगतो. सोबत ४ किलोडाल्टनचं फ्लोरेसंट डेक्स्ट्रान (चमकणारा, आयनांपेक्षा बराच मोठा साखरेचा रेणू) वरच्या कप्प्यात घालून खाली किती उतरतं तेही मोजा. आमच्या सिनिअरने ते कधीच मोजलं नव्हतं.