लढाई स्वतः लढावी की ऑटोवर सोडावी?

प्रश्न : ‘एम्पायर : टोटल वॉर’ या कॉम्प्युटर गेममध्ये मराठ्यांची मोहीम सुरू केली आहे. ऑफिसहून आल्यावर जेमतेम तासभर मिळतो. प्रत्येक लढाई स्वतः लढलो तर मोहीम संपणार कधी?

उत्तर : संपणारच नाही. या गेममध्ये दोन टर्नचं, म्हणजे दोन खेळ्यांचं, एक वर्ष होतं. १७०० पासून शतकभर खेळायचं तर दोनशे टर्न झाले. (१७००! राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला, तेच साल. मराठ्यांची बाजू निवडताना मला ते दर वेळी आठवतं.) बंडखोरांची टोळी किंवा हरून पळालेल्या दोन-तीन तुकड्या खुशाल ऑटोवर सोडा, म्हणजे लढाई न खेळता निकाल कॉम्प्युटरलाच लावू द्या. मुघलांची तोडीस तोड फौज समोर आली किंवा हरल्यावर प्रांतच हातचा जाणार असेल, तर तुमचा तास तिथे घाला.

प्रश्न : ‘टोटल वॉर’ मालिकेतल्याच ‘रोम २’मध्ये शहरात माझ्या मोजक्या तुकड्या आहेत आणि बाहेर वीस तुकड्यांची फौज. ऑटोचा अंदाज म्हणतो, पराभव नक्की. मग लढण्यात अर्थ काय?

उत्तर : खूप अर्थ आहे. माझं मत विचाराल तर हाताने लढायची खरी लढाई हीच. तो अंदाज दोन्हीकडच्या बळाचा हिशेब मांडतो. तुमची गल्ली किती अरुंद आहे, हे त्याला दिसत नाही. भालाईत गल्लीच्या तोंडाशी उभे केलेत की शत्रूच्या पुढच्या रांगाच लढतात, मागची गर्दी नुसती खोळंबते. थोडे घोडेस्वार असतील तर ते आडबाजूला राखून ठेवा. शत्रू गुंतला की पाठीमागून घाला आणि लगेच बाहेर काढा. सेनापती पडला तर सगळ्या फौजेचा धीर खचतो, म्हणून त्याच्यावर नजर हवीच. एवढं करूनही अशा लढाया मी पुष्कळदा हरतो. पण शत्रूची फौज निम्मी होऊन शहरात शिरते आणि जवळच आपली दुसरी फौज असेल तर पुढच्याच टर्नला शहर परत घेता येतं. ऑटोवर तेच शहर जवळजवळ फुकट जातं.

प्रश्न : त्याच मालिकेतल्या ‘अटिला’मध्ये हूणांचे घोड्यावरचे तिरंदाज ऑटोवर सोडले की फार मरतात. का?

उत्तर : बाण मारून मागे हटायचं, शत्रूला दमवायचं, पुन्हा बाण मारायचे, हे त्यांचं कसब तुम्ही चालवाल तरच दिसतं. ऑटो त्याची किंमत धरत नाही. सगळं ऑटोवरच खेळायचं ठरवलं असेल, तर फौजच वेगळी बांधा : चिलखती पायदळ जास्त, हलके स्वार कमी.

प्रश्न : ‘एज ऑफ वंडर्स ४’मध्ये ऑटोचा निकाल पाहून, तो नाकारून तीच लढाई स्वतः लढता येते. ही लबाडी नाही का?

उत्तर : नाही. ती सोय गेमनेच दिली आहे. मी तर तिथे आधी ऑटोच लावतो आणि एखादी जुनी, अनुभवी तुकडी मेली असेल तरच लढायला बसतो.