अंगोलाच्या गिल्बर्टोची परदेशातील कारकीर्द कशी होती?

फुटबॉलपटू गिल्बर्टोचा जन्म 1982 मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथला. तेथील पेट्रो संघातून 2002 च्या सुमारास तो कैरोच्या अल अहली या क्लबकडे गेला आणि डाव्या बाजूचा मिडफिल्डर म्हणून तब्बल आठ वर्षे तेथे टिकला. अंगोलाचे बहुतेक खेळाडू भाषा आणि वसाहतकाळापासूनच्या जुन्या संबंधांमुळे पोर्तुगालची वाट धरत असताना त्याने इजिप्त निवडले. अर्थात तेथेही प्रशिक्षक मानुएल जोझे हे पोर्तुगीजच होते. त्याच्या काळात अल अहलीने 2005, 2006 आणि 2008 अशी तीन वेळा आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली. याच काळात त्याचा देशबांधव, आघाडीपटू फ्लावियो हाही याच संघात दाखल झाला.

दुर्दैव असे की, अंगोला 2006 साली पहिल्यांदाच विश्वचषकात उतरला, तेव्हा दुखापतीमुळे गिल्बर्टो संघाबाहेर होता, आणि माझ्या मते त्याची कीर्ती आफ्रिकेपुरती राहिली ती मुख्यतः याचमुळे. जानेवारी 2010 मध्ये लुआंडातच झालेल्या आफ्रिकन चषकाच्या सलामीच्या सामन्यात मालीविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोल केला. 4-0 अशी आघाडी घेऊनही अंगोलाने शेवटच्या अकरा-बारा मिनिटांत चार गोल खाल्ले आणि सामना बरोबरीत सुटला, हा भाग वेगळा. त्याच वर्षी तो बेल्जियमच्या लिअर्स क्लबकडे गेला, ज्याची मालकी तेव्हा एका इजिप्शियन उद्योजकाकडे होती.