पडद्यामागचं विचारा: नवा क्रूस खरा की खोटा?

प्रश्न: काका, नमस्कार. माझे वडील आणि त्यांचे मित्र तरुणपणी नाशिकमध्ये मॉर्निंग शोला इंग्रजी सिनेमे बघायचे. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा शेवट त्यांना आजही शॉटगणिक पाठ आहे. त्यातल्या कब्रस्तानाचा सेट स्पेनमध्ये रानात बुजून गेला होता आणि चाहत्यांनी तो उकरून पुन्हा उभा केला, असं त्यांच्या वाचनात आलं. तेव्हापासून कट्ट्यावर वाद चालू आहे. बाबा म्हणतात, नवे क्रूस रोवले म्हणजे तो सेट खोटा झाला, पडकाच ठेवायला हवा होता. त्यांचे मित्र म्हणतात, केलं ते योग्य. बाबांना तिथे न्यायचं माझ्या मनात आहे. तुम्ही सेट बांधलेत, तुम्हाला काय वाटतं? आणि तिथे नक्की काय बघायला मिळेल?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: तुमच्या बाबांचा जीव कुठे अडकलाय ते मला कळतं. पण माझं मत त्यांच्या मित्राच्या बाजूने आहे.

बाहेरचा सेट शेड्यूलपुरताच बांधतात. बल्ल्या आणि फळ्या बहुतेक वेळा भाड्याच्या. भिंत म्हणजे मागून टेकू दिलेलं प्लायवूड, त्यावर पीओपी, वर रंगाने आणलेला जुनेपणा. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला आम्ही एकदा गावाचा सेट लावला होता. शूटिंग लांबलं आणि पाऊस आला. प्लायचे पापुद्रे सुटले, पीओपीचा चिखल झाला, पण मुरूम टाकून ठोकलेली गल्ली आणि दगडी पार मात्र जागचे हलले नाहीत. जमिनीत केलेलं काम आणि जमिनीवर उभं केलेलं काम यांचं आयुष्य वेगळं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

सॅड हिल नावाचं ते कब्रस्तान उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोस प्रांतातल्या एका दरीत आहे. 1966 साली दिग्दर्शक सर्जिओ लिओनेसाठी कार्लो सिमी यांनी त्याची रचना केली आणि स्पॅनिश सैन्याच्या जवानांनी ते बांधलं. 5000 हून जास्त थडगी, आत एकही मृतदेह नाही. मधोमध दगडांनी फरसबंद केलेलं गोल रिंगण आणि त्याभोवती थडग्यांच्या रांगा, एकाबाहेर एक वर्तुळात. सिमी मुळात वास्तुरचनाकार, आणि ते इथे दिसतं. सिनेमातला नट ईलाय वॉलॅक थडगं शोधत धावत सुटतो, संगीतकार मॉरिकोनेचं संगीत चढत जातं, कॅमेरा त्याच्याबरोबर गरगरत राहतो. थडगी सरळ रांगांत असती तर हा शॉट असा झालाच नसता. तो धावतो ती वाटच गोल आहे. मग सिनेमातले तिघं प्रतिस्पर्धी समोरासमोर रिंगणात उभे राहतात आणि कुठूनही बघितलं तरी मागे थडगीच दिसतात, त्यांच्या मागे डोंगर. पडद्यावर तो सीन मी जितक्यांदा बघितला, तितक्यांदा सिमींना मनातल्या मनात नमस्कार केला.

शूटिंग संपल्यावर लाकडी क्रूस गेले. रिंगणावर माती आणि गवत चढलं, थडग्यांचे उंचवटे मात्र झुडपांखाली तसेच राहिले. 2015 साली आसपासच्या चाहत्यांच्या मंडळाने कुदळ-फावडी हातात घेतली. बाहेरच्या देशांतूनही माणसं आली, स्वखर्चाने आणि सुट्ट्या टाकून. मातीचा थर काढला तेव्हा खाली मूळ फरसबंदी जागेवर सापडली. पुढच्याच वर्षी, सिनेमाला 50 वर्षं झाली तेव्हा, त्याच जागी पडदा लावून तो सिनेमा दाखवला गेला.

बाबांना माझ्या वतीने सांगा: रिंगण मूळचं, उंचवटे मूळचे, डोंगर मूळचे. क्रूस तेवढे नवे, आणि शूटिंगच्या दिवसांतही एखादा मोडला असता तर सेटवरच्या सुताराने तासाभरात दुसरा ठोकून दिला असता. बदलण्यासाठीच बनवलेली वस्तू बदलली, त्यात खोटं काहीच नाही. हे काम केलं नसतं तर पडका सेटसुद्धा उरला नसता. उरलं असतं ते कुरण.

याच दिग्दर्शकाच्या आधीच्या सिनेमासाठी, 1965 साली, सिमींनीच दक्षिण स्पेनमध्ये ताबेर्नासच्या माळावर एक गाव उभं केलं होतं. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर, नाशिकच्या तिसऱ्या हिश्शाइतका. तरी ते गाव टिकलं ते शूटिंगनंतर विकत घेऊन पर्यटनस्थळ केलं म्हणून. आता तिथे तिकीट आहे, गोळीबाराचे खेळ आहेत, शेजारी प्राणिसंग्रहालय आहे. मुलं रमतात, पण मला ओढ आहे ती सॅड हिलचीच, कारण तिथे कुणी काही विकण्यासाठी खणलं नाही.

आपल्याकडे बघा. दादासाहेब फाळके 1913 साली मुंबई सोडून नाशिकला आले, 'मोहिनी भस्मासुर' इथे केला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. पण त्यांचे कलाकार ज्या जमिनीवर उभे राहिले त्या जमिनीवर आपल्याला उभं राहता आलं असतं, तर मी रोज गेलो असतो. म्हणून त्या स्पॅनिश मंडळींबद्दल मला इतकं प्रेम वाटतं.

आता प्रवासाचं. बुर्गोस शहरापासून सांतो दोमिंगो दे सिलोस हे गाव साधारण 60 किलोमीटर. मुक्काम तिथेच करा. तिथल्या मठातल्या साधूंच्या प्रार्थनागायनाची रेकॉर्ड 1994 मध्ये जगभर खपली होती. संध्याकाळची प्रार्थना बाबांना ऐकवा. गावापासून पुढचा रस्ता कच्चा आहे. हिवाळा टाळा, तो भाग उंचावर आहे आणि थंडी कडक असते. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. तिथे दुकान नाही, पाणी आणि टोपी बरोबर घ्या, आणि बाबांचे गुडघे दुखत असतील तर काठीही.

पोहोचल्यावर बाबांना थेट रिंगणात नेऊ नका. बाहेरच्या रांगेपासून सुरुवात करून गोल गोल आत न्या, वॉलॅक गेला तसं.

एक शेवटचं. थोडी वर्गणी देणाऱ्याचं नाव क्रूसवर लिहिण्याची सोय त्या मंडळाने केली होती. जाण्याआधी त्यांना पत्र पाठवून विचारा, आणि नाव घालायचं ठरलं तर बाबांच्या शेजारी त्यांच्या मित्राचंही घाला. वादात ते जिंकलेत.