हायब्रिडची वाट पाहायची की इलेक्ट्रिक घ्यायची? आधी पार्किंगमधली केबल मोजा

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, नोकरी ऐरोलीत. रोजचं येणं-जाणं ४० किमी, वर्षातून चारदा साताऱ्याला गावी. आठ महिन्यांपूर्वी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) बुक केली, अजून सहा महिने लागतील म्हणतात. ऑन रोड २३ लाख. त्याऐवजी ४५ किलोवॅट-अवर बॅटरीची इलेक्ट्रिक १७.५ लाखांत लगेच मिळतेय. हाताशी ८ लाख आहेत, २०१७ च्या पेट्रोल हॅचबॅकचे ३ लाख येतील. हातात पगार १.४० लाख, घराचा हप्ता ४२,०००. वीज कोळशाचीच असेल तर इलेक्ट्रिकने प्रदूषण खरंच कमी होतं का?

उत्तर: आधी हप्ता पाहू, कारण तुमचा निर्णय तिथेच अडकतो. ११ लाख भरल्यावर हायब्रिडसाठी १२ लाखांचं कर्ज उरतं. ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २४,९००. घराचा धरून ६६,९००, म्हणजे पगाराचे ४८ टक्के. इलेक्ट्रिकला साडेसहा लाखांचं कर्ज, हप्ता १३,५००, दोन्ही मिळून पगाराच्या ४० टक्क्यांच्या किंचित आत. सगळे हप्ते मिळून ४० च्या वर जाऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगते. एक आजारपण किंवा दोन महिन्यांचा पगार लांबणं, एवढंच पुरतं गाडं घसरायला.

आता इंधन. वर्षाला १२,००० किमी. जुनी गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल, तर लिटरला १०४ रुपये धरून ८३,२०० रुपये. हायब्रिडने शहरात २१ दिलं तर ५९,४००. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून १०० किमीला सॉकेटमधून १६ युनिट लागतात, म्हणजे वर्षाला १,९२० आणि महिन्याला १६०. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. घरचा वापर २५० युनिट असेल तर तो ४१० होतो आणि ३०० च्या पुढचे युनिट महावितरणच्या महागड्या स्लॅबमध्ये पडतात. म्हणून मी युनिटला १५ रुपये धरले: २८,८०० रुपये. बचत वजा केली, तर हायब्रिडचा खरा बोजा महिन्याला सुमारे २२,९०० राहतो, इलेक्ट्रिकचा ९,०००.

टोलमाफीने फार हुरळून जाऊ नका. ऐरोली नाका ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर इलेक्ट्रिकला माफी आहे, तेवढा टोल वाचतो. पण खेड शिवापूर आणि आनेवाडीचे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे, तिथे पैसे भरायचेच. शोरूममध्ये कुणी ‘कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाची करसवलत मिळेल’ म्हणालं, तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

प्रदूषणाचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेल काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यासाठी वर साधारण २० टक्के धरा. तुमची जुनी गाडी वर्षाला २.२ टन सोडते, हायब्रिड १.६ टन. देशाच्या ग्रिडमध्ये (वीजजाळ्यात) एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो येतो. वाहिन्यांमधली १५ टक्के गळती धरली, तर १,९२० युनिटांसाठी सुमारे २,२६० युनिट तयार करावे लागतात, म्हणजे १.६ टन. आजच्या विजेवर इलेक्ट्रिक आणि हायब्रिड बरोबरीत आहेत! शिवाय ४५ ची बॅटरी बनवतानाच तीन-चार टन गेलेले असतात. जुन्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत ते भरून निघायला पाच-सहा वर्षं लागतील.

फरक पुढे पडतो. हायब्रिडचा आकडा गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहणार. इलेक्ट्रिकचा, ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसा दरवर्षी उतरणार. आणि गच्चीवर पॅनेल बसवली तर लगेच उतरेल: एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे तुमच्या गाडीपुरतं दीड किलोवॅटच्या आत भागतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही आलं, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडाच. घोडबंदरला सिग्नलवर उभ्या गाड्यांच्या शेजारून मुलं शाळेत चालत जातात. तिथे धूर न सोडणारी गाडी हा फायदा वेगळा, आणि माझ्या लेखी तो लहान नाही.

तरीही बुकिंग आजच रद्द करू नका. आधी मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंतचं अंतर टेपने मोजा, केबल ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने. पोडियमवर (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यावर) ते सहज ७० मीटर भरतं. कंपनीचा ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. ७० मीटरवर ६ चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली तर जवळपास १४ व्होल्ट वाटेतच जातात, केबल तापते आणि चार्जर मधेच बंद पडू शकतो. तिथे १० चौरस मिमी लागते आणि मीटरचा मंजूर भारही (वीज कंपनीने ठरवून दिलेली कमाल मर्यादा) वाढवून घ्यावा लागतो. पण तुम्हाला तो चार्जर हवाच कशाला? रोजच्या ४० किमीला साडेसहा युनिट लागतात. १६ अँपिअरच्या पॉइंटवर ३.३ किलोवॅटने दोन तासांत भरतात. त्याला ६ ची केबल पुरते. मात्र सॉकेट औद्योगिक दर्जाचं हवं. साधं घरगुती सॉकेट रोज तासन्‌तास पूर्ण भाराखाली राहिलं की पिन सैल पडते, ठिणगी उडते आणि प्लास्टिक वितळतं. स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की शॉक बसू नये म्हणून पुरवठा तोडणारी) आणि तपासलेलं अर्थिंग यात तडजोड नको. पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या, पावसाळ्यात पोडियमवर पाणी साचतं.

सोसायटीची ना-हरकत लेखी घ्या, चेअरमनसाहेबांच्या तोंडी होकारावर गाडी बुक करू नका. नकार आला, तर रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहण्यात पैशाची बचतही नाही आणि वेळेचीही. मग मी हायब्रिडही घ्या म्हणणार नाही. जुनी गाडी आणखी दोन वर्षं चालवा, तिची नोंदणी २०३२ पर्यंत आहे. जुन्या रचनेची असल्याने २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट तेवढे तपासून घ्या. दरमहा २०,००० बाजूला टाकलेत तर कर्जच जवळपास पाच लाखांनी घटेल. हे पैसे आणि आत्ताचे ८ लाख लिक्विड फंडात किंवा एफडीत ठेवा, शेअर बाजारात नाही.

वेटिंगचं म्हणाल, तर हायब्रिडचे इन्व्हर्टर, मोटर, बॅटरीपॅक मोजक्याच पुरवठादारांकडून येतात. २०२३ मध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या व्हेरिएंटचं बुकिंग काही काळ थांबवावं लागलं ते पुरवठ्यामुळेच. त्यामुळे सहा महिन्यांचे नऊ होऊ शकतात, आणि किंमत बुकिंगच्या नाही, डिलिव्हरीच्या दिवसाची लागते. डिसेंबरात गाडी आली तर नोंदणी जानेवारीत करून मागा, आणि चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना तपासा.

इलेक्ट्रिक ठरलीच, तर ती दहा वर्षं वापरायच्या तयारीने घ्या, जुन्या बाजारात तिला भाव कमी येतो. बॅटरीची ‘आजीवन’ वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, ते कलम वाचा. विम्यात झिरो डेप्रिसिएशनबरोबर (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) बॅटरीत पाणी शिरण्याचं कव्हर घ्या. त्यानंतर हायब्रिडच्या बुकिंग फॉर्मच्या मागची रद्द करण्याची अट पाहून डीलरला ईमेल करा, पावतीचा नंबर घालून आणि परतावा किती दिवसांत मिळेल हे विचारून.