आजोबांच्या तव्यांचं काय करू?

प्रश्न: नागपुरात महाल भागातल्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांच्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) 40 एक ग्रामोफोन रेकॉर्डी, म्हणजे तवे, सापडल्या, भंगारवाला किलोवर मागून राह्यला, देऊन टाकू का? आणि त्या स्पिरिटनं पुसल्या तर चालते का?

उत्तर: अहो थांबा, किलोवर बिलकुल देऊ नका! आणि स्पिरिट तर लांबच ठेवा, हे तवे लाखेचे, म्हणजे शेलॅकचे असतात अन् लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पुसता पुसता गाणंच पुसलं जाईल. नुसत्या मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा.

आपल्याकडे 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून ढीगभर तवे निघाले, पण हातातून पडला की तुकडे, शिवाय ग्रामोफोनची स्टीलची सुई दर वेळी थोडी खाचही झिजवते, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा जुने तवे वितळवून नवे केले गेले, मग उरणार किती? तुमचा माळा मे महिन्यात भट्टीच होत असेल, आधी खाली उतरवा, उभे ठेवा, आडवे रचू नका. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींच्या, सुईवर वाजवू नका, 78 ची सुई जाड असते. लेबलवरचे नंबर लिहून काढा, संग्राहक आधी तेच विचारतात.