वाचकांचे प्रश्न : वेताळ आता कुठं भेटंल?

प्रश्न : सर, लहानपणी मामाकडं मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक लई वाचलेत, वेताळ (इंग्रजीतला फँटम) न् जादूगार मँड्रेक. आता रिटायर झालो, परत वाचावं वाटायलंय पण रद्दीवाले एकेका फाटक्या अंकाचे भलतेच पैसे सांगायलेत. पेपरात रोज यायच्या त्या मूळ स्ट्रिप, म्हणजे चित्रांच्या पट्ट्या, नेटवर असतात म्हणे, कुठं बघू आन सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : जमवायचा नाद नसंल तर फाटक्या अंकात पैसे घालू नका. इंद्रजाल 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं, चांगले अंक हौशी लोकांनी कधीच उचलले. आन खरं सांगू का, तो वेताळ कापून-जोडून पुस्तकात बसवलेला, त्याच्या देशाचं नावसुद्धा बदलून डेंकाली केलेलं! मूळ स्ट्रिप लेखक ली फॉकची, 1936 ची, मँड्रेक त्याच्याही आधी 1934 चा. दोन्ही किंग फीचर्स या पेपरांना स्ट्रिप पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या, त्यामुळं कॉमिक्स किंगडम या साइटवर बघा, इंग्रजीत आहे आणि जुनं वाचायला पैसे भरावे लागतात. फुकटच पाहिजे तर इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर 1905 ची लिटल निमो ही स्ट्रिप बघा, कॉपीराइट संपलाय तिचा, आन चित्रं अशी की डोळे फाटतात. मराठीत 1991 पासूनचा चिंटू आहेच, त्याची पुस्तकं निघालीत, जिल्हा ग्रंथालयात विचारून बघा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, सोमवार ते शनिवारची काळी-पांढरी गोष्ट वेगळी आणि रविवारची रंगीत वेगळी, दोन्ही एकत्र वाचायला गेलात तर डोकं फिरंल. आणि एका बैठकीत शंभर पट्ट्या ओढू नका. रोज तीन-चार चौकटी एवढाच हिशोब होता, म्हणून काल वेताळ कड्याला लटकला असंल तर आज पहिल्या चौकटीत परत लटकलेलाच दिसतो, कालचा पेपर हुकलेल्यासाठी होतं ते. सलग वाचलं की तेच तेच वाटतं न् माणूस कंटाळतो. सकाळच्या चहासोबत आठवड्याभराचं वाचा, बास.

सुरुवात 1936 पासून करू नका असं माझं मत. ती रे मूरची चित्रं, अंधारी-अंधारी, झकास आहेत पण तुमच्या डोळ्यापुढचा वेताळ तो नाही. इंद्रजालमधला आपल्याला पाठ असलेला चेहरा बहुतेक करून साय बॅरी या चित्रकाराचा, त्यानं 1961 ला हातात घेतला. तिथून धरा, रे मूर नंतर निवांत.